उपेलने लिहिलेले पान

बेर्दिकेचा मुलगा शामिरकान, शामिरकानचा मुलगा ओमुरकुल आणि ओमुरकुलची मुलगी उपेल. बेर्दिके घोड्यांना नाल ठोकत असे. त्याच्या भट्टीला दार नव्हते. ज्याला शिकायचे असेल त्याने उभे राहून पाहावे, एवढीच त्याची अट. शामिरकानने तारायंत्राचे खांब खिंडीपलीकडे नेले आणि थंडीत दोन बोटे तिथेच ठेवून आला. ओमुरकुल रेडिओ दुरुस्त करी. त्याला मुलगा झाला नाही, म्हणून पिढ्यांची नावे त्याने मुलीकडून पाठ करून घेतली. लोक हसले. "पोरीला पिढ्या घेऊन काय करायचंय? ती जायची परक्याच्या घरी." ओमुरकुल म्हणाला, "जाऊ दे की. जिथं जाईल तिथं आपण कोण ते ताठ मानेनं सांगेल तरी."

उपेल परक्याच्या घरी गेली, दोन वर्षांत विधवा होऊन परत आली आणि कोक-जारच्या शाळेत तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवत राहिली; पुढे संगणक आले तेव्हा तेही तिनेच शिकवले. नारिनच्या वरच्या खोऱ्यांत चाळिशीच्या आतले असे माणूस सापडणे कठीण, ज्याच्या बोटांवर तिची पट्टी पडली नव्हती. मेंढपाळ, दाया, ट्रकवाले, पोलीस, सारे तिचे विद्यार्थी. कुठल्याही वादात "एजे असं म्हणाल्या" एवढे कुणी म्हटले की वाद मिटे. एजे म्हणजे थोरली बहीण; पण त्या खोऱ्यांत नुसते एजे म्हटले की उपेलच समजायची. तिला याचा अभिमान होता आणि तो लपवण्याची गरज तिला कधी वाटली नाही.

एकच गोष्ट ती मनाशीसुद्धा उच्चारत नसे.

दोन हजार तीन सालच्या हिवाळ्यात राजधानीहून तपासनीस आले होते. शाळेत सहा संगणक होते आणि सहाही संगणकांत विकतची प्रणाली चोरून भरलेली होती. बाजारातून साध्या कागदी पाकिटात घातलेल्या डिस्क आणून ती उपेलनेच भरली होती. परवान्याचे पैसे म्हणजे शाळेचा दोन वर्षांचा कोळसा. तपासनिसाने डिस्क टेबलावर मांडून विचारले, "या कुणाच्या?" उपेलने श्वास घेतला. तिच्या आधी दाराशी उभा असलेला पहारेकरी तोक्तोसुन बोलला. "माझ्या, साहेब. मीच आणल्या आणि रात्री मीच घातल्या." त्या माणसाला संगणक चालूही करता येत नव्हता.

त्याला चार महिन्यांची कैद झाली आणि पहारेकऱ्याची नोकरी गेली. सुटून आल्यावर तो दुसऱ्यांच्या मेंढ्या राखू लागला. उपेल त्याच्या दारी गेली, तेव्हा त्याने तिला उंबऱ्यावरच थांबवले. "एजे, पहारेकरी कुठलाही मिळतो. भौतिकशास्त्राची बाई या बर्फात कोण येणार? हा विषय संपला." विषय संपला नाही. तोक्तोसुनची मुलगी नासिपकान तेव्हा तेरा वर्षांची होती, उपेलच्याच वर्गात. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "डिस्कचोराची पोर." उपेलने त्या पोराच्या बोटांवर पट्टी मारली. खरे काय ते मात्र सांगितले नाही. पहिल्या दिवशी भीतीने सांगितले नाही, दुसऱ्या दिवशी लाजेने आणि पुढे सवयीने.

त्याच वसंतात तिने ठरवले, की ज्या वस्तूची किल्ली परक्याच्या हाती आहे ती पुन्हा आपल्या माणसांच्या घरात येता कामा नये. केरेगे जन्मली ती अशी.

तंबूच्या जाळीदार लाकडी भिंतीला केरेगे म्हणतात. वरचा लोकरीचा नमदा उचलला की जाळीतून आतले सारे दिसते. जगभरच्या लोकांनी मुक्त करून ठेवलेल्या प्रणालीवरून उपेलने आणि तिच्या सहा सोबत्यांनी आपल्या भाषेतली ही ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. तिची प्रत्येक ओळ कुणीही वाचावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. दहा वर्षांत ती त्या प्रांतातल्या शाळांत पोचली, वाचनालयांत पोचली आणि शेवटी गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत पोचली. तिच्यात एकही बंद गोष्ट नव्हती. उपेल हे असे सांगे, जशा इतर बायका आपल्या घरात कधी उष्टे भांडे रात्रभर राहिले नाही म्हणून सांगतात.

दोन हजार तेराच्या शरद ऋतूत एका परदेशी संस्थेने वरच्या बारा उपकेंद्रांना बारा लॅपटॉप दिले आणि तिथे घोडे अडले.

केरेगे सांभाळणाऱ्या या सात जणांच्या मंडळाची बैठक नारिनमध्ये, नमदेवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत भरे. रिस्केल्दी हा त्यांच्यातला सर्वांत हुशार. वय चाळीस, पोट सुटलेले, जीभ तिखट. चहात लोणी ढवळत त्याने सांगितले, "बाराही लॅपटॉपांचं वायरलेस कार्ड आपल्याकडं मुकं आहे. ते बोलतं करायचं तर बनवणाऱ्या कंपनीची एक फाइल लागते. फुकट देतात, पण बंद. आत काय लिहिलंय ते कुणाच्या बापाला वाचता यायचं नाही."

"मग ती आपल्यात येणार नाही," उपेल म्हणाली.

"मग कार्ड चालणार नाही."

"केबल आहे ना?"

"केबल शाळेत आहे, एजे. उपग्रहाची तबकडी शाळेच्या छपरावर. कोक-जारचं उपकेंद्र शाळेपासून दोनशे पावलांवर. आता त्या छपरावरून उपकेंद्राकडं तोंड करून छोटा अँटेना लावलाय. कशासाठी? शोभेला?"

"दोनशे पावलं चालली तर उपकेंद्रातल्या पोरींचे पाय झिजणार नाहीत. आज एक फाइल घेशील. उद्या छपाईयंत्राची, परवा पडद्याची. दहा वर्षांनी केरेगे हे नाव तेवढं आपलं राहील आणि भिंत परक्याची असेल. मग ते म्हणतील पैसे टाका, नाहीतर दार बंद. तेव्हा काय करशील?"

"तेव्हा भांडेन. पण आजचा रोगी दहा वर्षं थांबत नसतो. एजे, माणसाला काय हवंय ते देऊ आणि काय दिलंय ते सांगू. लपवायचं नाही, आणि अडवायचंही नाही."

मतदान त्यांच्याकडे मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी होई. हो म्हणणाऱ्याने लाल रंगवलेले हाड टोपीत टाकायचे, नाही म्हणणाऱ्याने कोरे. टोपी उलटी केली तेव्हा चार लाल पडली आणि तीन कोरी. उपेल दहा वर्षांत प्रथमच हरली होती. तिने हाडे एकेक करून पिशवीत भरली, दोरी आवळली आणि म्हणाली, "ठीक. मंडळाचा शब्द तो शब्द. फाइल डिस्कवर ठेवा. पण न विचारता बसवायची नाही. आधी एक पान दाखवायचं आणि विचारायचं. ते पान मी लिहिणार."

कुणी हरकत घेतली नाही. पराभूत झालेल्या वडीलधाऱ्या बाईला एवढे तरी द्यावे, असे प्रत्येकाच्या मनात आले. चूक तिथे झाली. हरलेल्या माणसाच्या हाती कधी लेखणी देऊ नये.

पान असे होते:

"सावधान. पुढील वस्तू बंद आहे. तिच्या आत काय आहे ते आम्हांस ठाऊक नाही आणि तुम्हांसही कधी कळणार नाही. जो ती घेतो, तो आपल्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देतो आणि शेजाऱ्याच्या घराचीही. अशाने आजवर कुणाचे भले झालेले नाही. घ्यावयाची आहे काय?"

खाली दोन बटणे, हो आणि नाही. "नाही" आधीपासून उजळलेले.

रिस्केल्दीने पान वाचून डोके खाजवले. "हा प्रश्न नाही, एजे. दार उघडून दारात कुत्रा बांधलाय तुम्ही."

"एक शब्द खोटा दाखव."

"खोटा एकही नाही. तेच तर."

"मग छाप."

डिस्क वरच्या गावांत गेल्या. उपेलला त्या हिवाळ्यात बरी झोप लागत होती. मंडळाचे मत तिने मोडले नव्हते आणि स्वतःचेही सोडले नव्हते. दोन्ही राखल्याचे समाधान फार थोड्यांना मिळते, असे तिला वाटे.

जानेवारीच्या शेवटी तीन दिवस बुरान घोंघावला. त्या वाऱ्यात बर्फ आडवा येतो आणि माणसाला आपला हातही दिसत नाही. चौथ्या दिवशी खिंड उघडली आणि पहिल्या ट्रकबरोबर निरोप आला, की कोक-जारचा तोक्तोसुन वारला.

शाळा सोडल्यापासून नारिनला राहणारी उपेल त्याच ट्रकने परत वर गेली. तोक्तोसुनच्या अंगणात तंबू उभा राहिला होता. पुरुष काठ्यांवर रेलून बाहेर हंबरडा फोडत होते. आत बायका भिंतीकडे तोंड करून शोकगीत म्हणत बसल्या होत्या, मधोमध त्याची बायको काल्बुबू, डोक्यावर काळे. उपेल आत गेली, प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडली आणि शेवटी नासिपकानजवळ बसली. चोवीस वर्षांची ती पोर आता गावच्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका होती. डॉक्टर नारिनला, म्हणून गावापुरती तीच डॉक्टर.

"कसं झालं, बाळ?" उपेलने हळूच विचारले.

"छातीत कळ आली, एजे. भावांनी घोंगडीत गुंडाळून उपकेंद्रात आणलं. दुपारचा एक वाजला होता. मी ईसीजी काढला. रेघ बघितली आणि कळलं, की रक्ताची गाठ आहे. गाठ विरघळवणारं इंजेक्शन कपाटात होतं, नवीन, दोनच. पण नारिनच्या डॉक्टरांनी रेघ बघून हो म्हटल्याशिवाय ते द्यायचं नसतं. चुकीच्या माणसाला दिलं तर डोक्यात रक्त फुटून जातो माणूस."

"फोन?"

"खिंडीवरचा टॉवर दोन दिवस मेलेला. शाळेची तबकडी तेवढी चालू होती. मग लॅपटॉप कोटात घातला आणि शाळेकडं निघाले. दोरी बांधून. दोनशे पावलांना पंचवीस मिनिटं लागली, एजे. मग किल्लीवाल्याला शोधलं. केबल लावली. डॉक्टर नारिनला बसलेच होते, तीन मिनिटांत उत्तर आलं: ताबडतोब द्या. परत आले तेव्हा वडील गार व्हायला लागले होते."

शोकगीताचा सूर चढला आणि उतरला. उपेलने विचारले, कारण विचारल्यावाचून तिला उठता येणार नव्हते. "पण तुझ्याकडं तर अँटेना लावलाय ना, पोरी. शाळेच्या छपरावरून. वायरलेसनं का नाही पाठवलंस, तिथूनच?"

नासिपकानने रडून सुजलेले डोळे वर उचलले. त्या डोळ्यांत आरोप नव्हता. असता तर बरे झाले असते. "मी 'नाही' दाबलं होतं, एजे. ऑक्टोबरात, डिस्क टाकली तेव्हा."

"तू पान वाचलंस?"

"दोनदा. खाली मंडळाचं नाव होतं, पण मला तुमचाच आवाज ऐकू आला. तुम्ही वर्गात म्हणायचात ना, 'मी विचारलं म्हणजे उत्तर काय द्यायचं ते तुला ठाऊक असायला हवं.'" तिने बाहीने नाक पुसले. "मी रोज संध्याकाळी शाळेत जाऊन केबल लावत होते. मला वाटलं, एजेंना कळलं तर बरं वाटेल."

बाहेर मुल्लाने हाक दिली. नमाजापूर्वी थोरला मुलगा पुढे झाला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणाला, "माझ्या बापाचं कुणाचं देणं असेल तर ते आता माझ्यावर. बापाचं कुणाकडं येणं असेल तर ते आम्ही सोडलं." नमद्याच्या आडून उपेलने ते ऐकले. सोडलेले येणे म्हणजे फिटलेले येणे नव्हे. हा फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये, असे ओमुरकुल सांगत असे.

नारिनला परतल्यावर तिने रिस्केल्दीला बोलावले. "बाराही उपकेंद्रांना विचार. पानावर कुणी काय दाबलं ते."

दुसऱ्या दिवशी तो आला, पण चहाला बसला नाही. "अकरा जणींनी 'नाही'. एकीनं 'हो'."

"हो कुणी म्हटलं?"

"आक-बुलाकची. ओशहून बदलून आलीय मागच्या वर्षी. तिला तुम्ही कोण ते ठाऊकच नाही."

आपण पर्याय दिला, असे उपेल समजत होती. अकरा जणींना पर्याय दिलाच गेला नव्हता. त्यांना वर्गात उभे केले गेले होते.

फेब्रुवारीत प्रांताच्या आरोग्य खात्याची चौकशी समिती कोक-जारला यायची ठरली. मृत्यू टाळता आला असता, अशी नोंद नारिनच्या डॉक्टरने केली होती आणि टाळता आला असता म्हटले की कुणीतरी न टाळणारे लागते. रिस्केल्दीने सारे शोधून ठेवले होते. आदल्या दिवशी दुपारी तो उपेलच्या स्वयंपाकघरात टोपी न काढता उभा राहिला.

"लॅपटॉपच्या नोंदवहीत स्वच्छ लिहिलंय, एजे. चौदा ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. प्रश्न दाखवला. उत्तर: नाही. आपण वस्तू दिली होती. तिनं नाकारली. कायद्यानं आपल्यावर डाग नाही."

"आणि तिच्यावर?"

त्याने खाली पाहिले. "तिचा परवाना जाईल. हलगर्जीपणाचा खटलाही होईल कदाचित. खात्याचा नियम आहे, उपकेंद्राचा संगणक चोवीस तास जोडलेला पाहिजे."

"तिचा बाप मेलाय, रिस्केल्दी."

"ठाऊक आहे मला! मी नव्हतो म्हणालो कुत्रा बांधू नका म्हणून?" तो ओरडला आणि लगेच शरमला. "माफ करा. पण ऐका. उद्या तुम्ही उभ्या राहून म्हणालात, की दोष प्रणालीचा, तर खातं केरेगे काढून टाकेल. नुसती उपकेंद्रांतून नाही. शाळांतून, वाचनालयांतून, सगळीकडून. राजधानीतली एक संगणक कंपनी दोन वर्षं टपून बसलीय. करार तयार आहे त्यांचा. एप्रिलपर्यंत प्रत्येक यंत्रात त्यांची बंद प्रणाली असेल, वर्षाला भाडं. तुम्ही ज्यासाठी ते पान लिहिलं, नेमकं तेच तुम्ही स्वतःच्या हातानं घरात आणाल. दहा वर्षं, एजे. माझं लग्न मोडलं या दहा वर्षांत."

"तुझं लग्न तुझ्या जिभेनं मोडलं."

"तेही खरं." तो हसला नाही. "पोरीला आपण वकील देऊ. पैसे गोळा करू. पण तुम्ही गप्प राहा. एवढंच मागतो."

उपेलने त्याच्यासाठी पाव कापला, साय ठेवली, आणि तो खात नाही असे पाहून ताट पुन्हा झाकले. "एकदा गप्प राहिले होते," ती म्हणाली. कशाबद्दल ते रिस्केल्दीला कळले नाही. तो एवढेच समजला, की आता बोलण्यात अर्थ नाही.

चौकशी शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. तीन माणसे टेबलामागे, मधला अबाकिरोव, पन्नाशीचा, सर्दीने बेजार. गाव भिंतीला टेकून उभे. पहिल्या रांगेत काल्बुबू काळ्या रुमालात, शेजारी तिची मुले. समोरच्या खुर्चीत नासिपकान, हात मांडीवर, शाळेत बसायची तशीच.

अबाकिरोवने नोंद वाचली. "चौदा ऑक्टोबर. अकरा वीस. उत्तर: नाही. हे तुम्ही दाबलं?"

"हो."

"का?"

नासिपकानची नजर एकदा मागे, उपेल बसली होती तिकडे गेली आणि परत फिरली. उपेलला ती नजर कळली. पोर तिला वाचवत होती. जसा बाप, तशी मुलगी. तपासनिसासमोर उभे राहायचे आणि बाईचे नाव घ्यायचे नाही, हे त्या घरातच होते.

"चुकून दाबलं," नासिपकान म्हणाली.

"खोटं बोलते ती," उपेल उठली. गुडघे दुखत होते, तरी कुणाचा हात न घेता उठली. "ही पोर माझ्या वर्गात सात वर्षं होती. हिनं चुकून आजवर काही केलेलं नाही."

मागून कुणीतरी "एजे" म्हणून कुजबुजले. रिस्केल्दीने डोळे मिटले.

"आपण कोण?" अबाकिरोवने विचारले. शेजारच्याने त्याच्या कानात काही सांगितले. "अच्छा. केरेगे मंडळाच्या प्रमुख. बसून बोला, आजी."

"उभ्यानंच बोलते. ते पान मी लिहिलं. मंडळानं ती फाइल द्यायची ठरवली होती, मला द्यायची नव्हती. मी पान असं लिहिलं, की घेणाऱ्याला लाज वाटावी. माझ्या अकरा विद्यार्थिनींनी ते वाचलं आणि अकराही जणींनी 'नाही' दाबलं. बारावी मला ओळखत नाही. तिनं 'हो' दाबलं. हा कागद बघा, वर ते पान आणि खाली बारा उत्तरं."

अबाकिरोवने कागद पाहिला आणि नाक पुसले. "पण या पानात खोटं काही नाही ना? वस्तू बंद आहे ती आहेच. पर्यायही दिलाय."

"खोटं एकही अक्षर नाही. आजही नाही. परक्याच्या किल्लीबद्दल मी जे लिहिलं, ते मी मरेपर्यंत म्हणेन." तिचा आवाज शाळेतल्यासारखाच होता, भिंतीलगतची माणसे नकळत सरळ झाली. "पण ज्या पोरीनं माझा शब्द कधी मोडला नाही, तिला मी आधी 'घेऊ नकोस' सांगितलं आणि मग 'घेणार का' विचारलं. साहेब, याला विचारणं म्हणतात? ती आपली मर्जी सांगत नव्हती. धडा म्हणून दाखवत होती. तिला निवडू द्यायचं असतं, तर त्या पानावर दोनच ओळी पुरे होत्या. 'ही फाइल बंद आहे. ही नसेल तर वायरलेस चालणार नाही.' दुसरी ओळ मी लिहिलीच नाही. लिहिली असती तर तिनं 'हो' दाबलं असतं. म्हणून नाही लिहिली."



"याचा परिणाम काय, कल्पना आहे ना?" अबाकिरोव सावकाश म्हणाला. "दोष प्रणालीवर येतो. ती काढावी लागेल, सगळीकडून. आणि तुमच्यावर व्यक्तिशः..."

"लिहा."

त्याने लेखनिकाला सांगितले, लेखनिकाने लिहिले आणि कागद सहीसाठी पुढे केला. उपेलने चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला. मधेच तिचे बोट थांबले. "इथं 'अनवधानाने' लिहिलंय."

"तुमच्याच सोयीसाठी, आजी," लेखनिक पुटपुटला.

"माझी सोय मी तुला विचारली नाही. खोड ते. 'जाणूनबुजून' लिही."

त्याने खोडले आणि लिहिले. तिने सही केली. मग लेखणी परत न देता ती वळली आणि टेबलाकडे पाठ करून गावाकडे तोंड केले.

"आणखी एक आहे. दोन हजार तीन साली या खोलीत सहा संगणक होते. त्यांच्यात चोरीच्या डिस्क मी घातल्या. मी विकत आणल्या, मी घातल्या. तोक्तोसुननं फक्त 'माझ्या' म्हटलं. तो चार महिने आत बसला, मेंढ्यांमागं म्हातारा झाला आणि तुम्ही त्याला डिस्कचोर म्हणालात. मी इथं उभी राहून शिकवत होते आणि मी ऐकत होते. चोर तो नव्हता. मी होते."

"हा या चौकशीचा विषय नाही," अबाकिरोव मागून म्हणाला.

"कागद तुमचा आहे. तोंड माझं आहे."

कुणीतरी हुंदका दिला, बहुधा नासिपकान. रिस्केल्दी उठून बाहेर गेला. त्याला दहा वर्षांचे काम त्या खोलीत संपलेले पाहवले नाही, आणि त्याला दोष कुणी देऊ नये. एप्रिल येईपर्यंत प्रांतातल्या प्रत्येक शाळेत आणि उपकेंद्रात नवी बंद प्रणाली आली. तिच्यात वायरलेस पहिल्या दिवसापासून चालते, आणि भाडे थकले की पडदा काळा होतो. नासिपकानचे नाव अहवालातून वगळण्यात आले. उपेलला सरकारने दिलेली थोर शिक्षिकेची पदवी परत घेण्यात आली आणि तिच्यावर खटला उभा राहिला.

पण ते नंतरचे. त्या दुपारी समिती कागद गोळा करत असताना काल्बुबू खुर्चीवरून उठली. ती उपेलहून चार वर्षांनी थोरली, सुकलेली, ताठ. ती चालत आली तसे लोक बाजूला झाले. उपेलने मान खाली घातली नाही, पण हात जुळवून पोटाशी धरले, जसे थोरलीपुढे धरतात.

"काल्बुबू-अपा, तुम्हाला हे..."

"मला ठाऊक होतं," काल्बुबू म्हणाली. "पहिल्या रात्रीच सांगितलं त्यानं. म्हणाला, बाई शाळेत राहिली तर पोरं शिकतील. मी म्हटलं, राहू दे, पण एक दिवस ती बोलेल. अकरा वर्षं बाजारात माझ्यामागं पोरं ओरडली. अकरा वर्षं मी वाट बघितली, उपेल. तो असताना बोलली असतीस तर त्यानं ऐकलं असतं."

"हो."

"आणि तुझं ते पान नसतं तर तो असता."

"हो, अपा."

काल्बुबूने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. मग ती मागे वळली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, जसे जनावराचा सौदा पुरा झाल्यावर सांगतात तसे, म्हणाली:

"ऐका. माझ्या पोरानं येणं सोडलं म्हटलं होतं. मी सोडलं नव्हतं. आज ते फिटलं. हिच्याकडं तोक्तोसुनचं काही उरलेलं नाही." आणि पुन्हा उपेलकडे न बघता, "आता जा. माझ्या दारी येऊ नकोस."